महदी, असन्निधान आणि माहूर : वाट पाहण्याचा एक दख्खनी इतिहास

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘अवतार’ ही संकल्पना आपण भक्तीच्या प्रकरणात शिकवतो, आणि ‘महदी’ हा शब्द आलाच तर राजकीय इतिहासाच्या एखाद्या तळटीपेत येतो. तिथेही तो बहुधा ‘धर्मवेडाची एक लाट’ एवढ्या वर्णनावर संपतो. वस्तुतः सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या निजामशाहीत सुमारे दोन वर्षे राज्यसत्ता अशा लोकांच्या हाती होती, ज्यांची श्रद्धा होती की युगान्ती येणारा उद्धारक येऊन गेला आहे. त्या वेळी वऱ्हाड प्रांत निजामशाहीत होता, आणि माहूरचा किल्ला वऱ्हाडात होता. म्हणजेच ज्या डोंगरावर दत्तात्रेयाचे नित्य सान्निध्य मानले जाते, तो डोंगर काही काळ महदवी सत्तेच्या अमलाखाली होता. या योगायोगाकडे केवळ कुतूहल म्हणून पाहू नये. ईश्वरी पुरुषाची वाट पाहणे, तो भेटणे आणि तो निघून गेल्यावर जगणे या तीन अवस्थांचा विचार दख्खनमध्ये किती निरनिराळ्या भाषांत झाला, हे त्यातून समजू शकते. प्रस्तुत लेखाचा उद्देश तोच आहे.

प्रथम श्रद्धेचे स्वरूप पाहू. ‘महदी’ म्हणजे ज्याला योग्य मार्ग दाखवला गेला आहे असा पुरुष. कुराणात या नावाने त्याचा उल्लेख नाही. तो येतो हदीस-वाङ्मयात, विशेषतः अबू दाऊद, तिर्मिझी आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत. तो प्रेषितांच्या वंशातला असेल, त्याचे नाव प्रेषितांच्या नावासारखे असेल आणि अन्यायाने भरलेली पृथ्वी तो न्यायाने भरून काढील, असा या वचनांचा सारांश आहे. त्याच्या काळाला जोडून दज्जालाचे थैमान, ईसाचे पुनरागमन, याजूज-माजूजांचा उद्रेक अशा युगान्ताच्या खुणा सांगितल्या जातात. मात्र सर्व मुस्लिम विचारवंतांनी ही श्रद्धा सारख्याच उत्साहाने स्वीकारलेली नाही. चौदाव्या शतकातील इब्न खल्दूनने आपल्या ‘मुकद्दिमा’ ग्रंथात या वचनांची परंपरा एकेक करून तपासली आणि त्यांपैकी बहुतेकांवर शंका घेतली. सामर्थ्यवान गटाचा पाठिंबा असल्याखेरीज कोणाचाही धार्मिक दावा इतिहासात टिकत नाही, हे त्याचे सूत्र पुढे आपल्या विवेचनात उपयोगी पडणार आहे.

शिया परंपरेत हीच श्रद्धा वेगळ्या रूपात दिसते. बारा इमाम मानणाऱ्या शियांच्या मते उद्धारक अद्याप जन्मायचा नाही. तो जन्मलेला आहे, पण अदृश्य आहे. बारावे इमाम इ. स. ८७४ मध्ये ‘गैबत’मध्ये, म्हणजे अदृश्यावस्थेत गेले. प्रारंभी त्यांच्या प्रतिनिधींमार्फत संपर्क होता, ९४१ पासून तोही थांबला. तेव्हापासूनचा सारा काळ हा अनुपस्थितीचा काळ. याउलट सुन्नी परंपरेत महदी भविष्यकाळातला आहे, आणि म्हणून ‘तो मीच’ असे म्हणण्याची जागा प्रत्येक पिढीत मोकळी राहते. ती जागा अनेकांनी घेतली. सुदानमध्ये १८८१ साली मुहम्मद अहमद याने असा दावा करून राज्य उभे केले, हे त्याचे आधुनिक काळातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. हिंदुस्थानातील सर्वांत दूरगामी दावा मात्र त्याच्या जवळजवळ चार शतके आधीचा आहे.

सय्यद मुहम्मद जौनपुरी यांचा जन्म इ. स. १४४३ मध्ये जौनपूर येथे झाला. तरुणपणीच विद्वत्तेची कीर्ती मिळालेल्या या गृहस्थाने चाळिशीनंतर घर सोडले ते कायमचेच. संप्रदायाच्या चरित्रांनुसार माळवा व गुजरातमधून ते दख्खनमध्ये आले. दौलताबाद, अहमदनगर, बीदर, गुलबर्गा ही त्यांच्या प्रवासातील ठिकाणे सांगितली जातात, आणि दाभोळच्या बंदरातून ते हजला निघाले असे मानले जाते. मक्केत १४९५ साली त्यांनी महदी असल्याची पहिली घोषणा केली. परतल्यावर अहमदाबादेत आणि नंतर पाटणजवळच्या बडली गावी ती पुन्हा केली. गुजरातच्या उलेमांनी त्यांना हद्दपार करविले. सिंध आणि कंदाहारमार्गे ते आज अफगाणिस्तानात असलेल्या फराह येथे पोहोचले आणि १५०५ साली तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांनी सैन्य उभारले नाही की गड घेतला नाही. हदीस-वचनांत वर्णिलेला न्यायराज्याचा दिवस उगवला नाही, आणि तरीही त्यांचे अनुयायी टिकले.

ते कशाच्या बळावर टिकले, याचे उत्तर त्यांच्या आचारधर्मात सापडते. महदवी पंथात काही गोष्टी सर्वांवर बंधनकारक मानल्या गेल्या : संसाराचा त्याग, ईश्वरदर्शनाची तळमळ, सत्यनिष्ठांची संगत, लोकांपासून एकान्त, ईश्वरावर पूर्ण भरवसा, अखंड नामस्मरण आणि वेळ आल्यास स्थलत्याग. अनुयायी गावाबाहेर झोपड्यांच्या वस्त्या करून राहत. या वस्तीला ‘दायरा’ म्हणत. जे काही दान येईल ते दायऱ्यातील सर्वांत समान वाटले जाई, आणि या वाटपाला ‘सवीयत’ असे नाव होते. उद्याची बेगमी करणे म्हणजे ईश्वरावर अविश्वास दाखवणे, अशी त्यांची धारणा होती. ज्या दरबारी समाजात मनसब, वतन आणि वंश यांवर माणसाचे मोल ठरत होते, त्या समाजात सैनिक, विणकर आणि सरदारपुत्र एकाच पंक्तीत समान वाटा घेतात, हे दृश्य लोकांना ओढून घेणारे होते आणि सत्ताधाऱ्यांना बेचैन करणारेही.

ही बेचैनी रक्तरंजित ठरली. जौनपुरींचे प्रमुख शिष्य सय्यद खुंदमीर १५२४ साली गुजरातेत मारले गेले. उत्तरेत बयाना येथील शेख अलाईने आपली संपत्ती वाटून टाकून दायरा मांडला, तेव्हा इस्लामशहा सूरच्या दरबारातील उलेमांनी त्याच्याविरुद्ध तक्रारी केल्या. त्याला दख्खनच्या सीमेवर नर्मदाकाठच्या हंडिया येथे पाठवण्यात आले, तर तेथील अंमलदारच त्याच्या प्रभावाखाली आला. अखेर १५५० साली फटक्यांच्या शिक्षेत त्याचा अंत झाला. ही हकिकत आपल्याला मिळते ती अब्दुल कादिर बदाऊनीच्या इतिहासातून. बदाऊनी स्वतः कर्मठ सुन्नी होता, तरी अलाईविषयी लिहिताना त्याची लेखणी आदराने ओली झालेली जाणवते.

आता दख्खनकडे वळू. निजामशाहीत धर्म आणि सत्ता यांचे नाते सतत बदलत होते. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात काही काळ महदवी शेखांचे वजन होते, परंतु शाह ताहिर या इराणी विद्वानाच्या प्रभावाने बुऱ्हाणने १५३७ साली शिया मत राज्यधर्म म्हणून जाहीर केले. दरबारात दोन तट होतेच. एका बाजूला इराण-तुराणातून आलेले ‘परदेशी’ आणि दुसऱ्या बाजूला इथेच रुजलेले दख्खनी व हबशी. परदेशी बहुतांशी शिया, त्यामुळे राजकीय तटाला धार्मिक रंग चढत गेला. १५८८ साली मुर्तझा निजामशहाला त्याच्याच मुलाने, मिरान हुसेनने ठार केले. पुढच्याच वर्षी मिरान हुसेनला मिर्झाखान या सरदाराने मारले आणि इस्माईल या अल्पवयीन राजपुत्राला गादीवर बसवले. त्यावर जमालखान या महदवी सरदाराने दख्खनी-हबशी गटाला एकत्र करून किल्ल्यावर चाल केली. मिर्झाखान संपला, आणि त्याच्यामागोमाग शहरातील परदेशी लोकांची मोठी कत्तल झाली. इतिहासकार फरिश्ता तेव्हा अहमदनगरात होता. तो त्याच वर्षी विजापूरला निघून गेला.

जमालखानाने इस्माईलला गादीवर ठेवून कारभार स्वतःकडे घेतला. शिया खुतबा थांबला, बालराजाने महदवी मत स्वीकारले, आणि दूरदूरचे महदवी अहमदनगरकडे येऊ लागले. हद्दपारी ज्यांच्या पाचवीला पुजलेली होती, त्यांना प्रथमच एक राज्य मिळाले.

जमालखानाच्या विजयाची आणि शेवटाची दोन्ही ठिकाणे आपल्या परिसरातली आहेत. इस्माईलचा पिता बुऱ्हाण अकबराच्या आश्रयाला होता. तो गादीवर हक्क सांगत वऱ्हाडच्या सीमेवर उतरला. खानदेशचा राजा अलीखान फारुकी त्याच्या मदतीस आला, आणि विजापूरची फौज दक्षिणेकडून निघाली. जमालखानाने आधी विजापूरकरांना धाराशिवजवळ गाठून त्यांचा पराभव केला आणि तसाच उत्तरेकडे वळला. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड येथे मे १५९१ मध्ये लढाई झाली. उन्हाळा भर ज्वानीत होता. पाण्याच्या टंचाईने त्याचे सैन्य आधीच हैराण झालेले होते. लढाईत जमालखान मारला गेला, इस्माईल पकडला गेला, पिता मुलाच्या जागी गादीवर बसला आणि शिया खुतबा पुन्हा सुरू झाला. महदवींवर पुन्हा छळाची व परागंदा होण्याची पाळी आली.

या लढाईचे हिजरी वर्ष होते ९९९. पुढच्या काही महिन्यांतच इस्लामी कालगणनेचे हजारावे वर्ष सुरू होणार होते. हजाराव्या वर्षी काहीतरी महान घडेल, ही भावना त्या काळी इराणपासून हिंदुस्थानापर्यंत पसरली होती. अकबराने ‘तारीखे अल्फी’ हा सहस्र वर्षांचा इतिहास लिहवून घेतला तो याच वातावरणात. तेव्हा सहस्रकाच्या उंबरठ्यावरच महदीचे राज्य म्हणवणारी सत्ता वऱ्हाडच्या पाण्याविना तडकलेल्या भूमीवर संपली. इब्न खल्दूनच्या सूत्राला याहून चपखल उदाहरण क्वचितच मिळेल : पाठीशी गट होता तोवर दावा उभा राहिला, गट मोडला आणि दावाही पडला. परंतु हे सूत्र पंथाच्या बाबतीत मात्र अपुरे पडते, कारण राज्य गेल्यावरही पंथ उरला. जमालखानाचे राज्य कत्तलीतून जन्मले आणि रणांगणावर मेले. दायरा मात्र सत्तेशिवायच जन्मला होता, त्यामुळे सत्ता गेल्याने तो मरू शकला नाही. दायऱ्यातील समान वाटपाचे राज्यात रूपांतर करताना जमालखानाच्या हाती नेमके काय उरले, हा प्रश्न त्याच्या अनुयायांनाही पडला असेल.

इथे माहूरचा विचार करू. बहमनी काळात महमूद गावानने प्रांतांची फेररचना केली तेव्हा वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन विभाग झाले, आणि माहूर खुदावंदखान हबशीकडे आले. पुढे इमादशाही, १५७४ पासून निजामशाही आणि १५९६ पासून मोगल असे अंमल या गडाने पाहिले. ‘आईने अकबरी’त माहूर हे वऱ्हाडचे एक सरकार म्हणून नोंदलेले आहे. ती नोंद करणारा अबुल फझल हा त्या शेख मुबारकचा मुलगा, ज्याच्यावर शेख अलाईची बाजू घेतल्यामुळे महदवी असल्याचा संशय घेतला गेला होता. इतिहासाचे धागे असे आडवेतिडवे विणलेले असतात.

पण माहूरचे वाङ्मयीन महत्त्व या सत्तांतरांहून खोल आहे. महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी दत्तात्रेयाचे हे स्थान. फलटणच्या चक्रपाणींना माहूरला दत्तात्रेयांनी व्याघ्ररूपात येऊन मस्तकी पंजा ठेवला आणि शक्ती दिली, ही कथा महानुभाव परंपरेच्या मुळाशी आहे. लोकपरंपरेतला दत्त तर रोज फिरतीवर असतो : स्नान एका क्षेत्री, भिक्षा दुसऱ्या, निद्रा माहूरला. म्हणजे माहूरचा देव ‘येणार’ नाही. तो आज रात्रीही येथेच आहे. तो फकिराच्या, मलंगाच्या वेषात भेटतो अशी श्रद्धा दत्तसंप्रदायात एकनाथांच्या गुरुपरंपरेपासून रूढ आहे. त्याच माहूरच्या परिसरात सोनापीर आणि शेख फरीद यांची स्थानेही आहेत, आणि भाविकांना त्यांत विसंगती वाटत नाही. युगान्ताची वाट पाहणाऱ्या श्रद्धेपेक्षा ही नित्य भेटीची श्रद्धा सर्वस्वी निराळी आहे.

मात्र महानुभाव परंपरेतच याच्या उलट बाजूचा विचारही आहे, आणि तो महदवी अनुभवाच्या आश्चर्यकारकरीत्या जवळ जातो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधर उत्तरापंथे निघून गेले. अनुयायांच्या दृष्टीने तो मृत्यू नव्हता. तो वियोग होता. परमेश्वर देहाने जवळ असण्याच्या काळाला महानुभाव ‘सन्निधान’ म्हणतात आणि त्यानंतरच्या काळाला ‘असन्निधान’. असन्निधानात साधकाने कसे जगावे, याचा तपशीलवार आचार सांगितला गेला : परिग्रह नको, एका जागी राहणे नको, भिक्षेवर निर्वाह, एकान्त आणि अखंड स्मरण. आता ही यादी महदवींच्या बंधनकारक गोष्टींच्या यादीशेजारी ठेवून पाहावी. संसारत्याग, एकान्त, ईश्वरावर भरवसा, स्मरण, स्थलत्याग. भाषा वेगळी, धर्मशास्त्र वेगळे, काळातही दोन-अडीच शतकांचे अंतर, आणि एकाने दुसऱ्याकडून घेतले असे म्हणण्यास काहीही आधार नाही. म्हणूनच हे साम्य अधिक विचारार्ह ठरते. ज्याची वाट पाहिली तो येऊन गेला आणि जग तसेच राहिले, अशा माणसांपुढचा प्रश्न एकच होता, आणि दोघांनीही त्याचे उत्तर राज्यात शोधण्याऐवजी दिनचर्येत शोधले.

साम्य आणखी एका ठिकाणी आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांसाठी ते सर्वांत मोलाचे आहे. असन्निधानातूनच मराठीचा आद्य गद्यग्रंथ जन्मला. चक्रधर गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांना पाहिलेल्या माणसांकडे जाऊन एकेक आठवण गोळा केली आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. चक्रधर समोर असते तर त्याची गरजच पडली नसती. महदवी पंथातही नेमके हेच घडले. जौनपुरींच्या निधनानंतर त्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या आठवणी, उक्ती, प्रसंग जमवले गेले. या प्रकाराला ‘नक़लियात’ म्हणतात. मियाँ अब्दुर रशीद यांच्या ‘नक़लियात’ आणि मियाँ वली यांचा ‘इन्साफनामा’ हे त्यातले प्रमुख ग्रंथ. ते फारसीत आहेत, पण मधूनमधून बोलल्या गेलेल्या हिंदवीतली वाक्ये जशीच्या तशी ठेवलेली आढळतात, कारण गुरूचे शब्द बदलायचे नाहीत हा दंडक होता. लीळाचरित्रकारांची चक्रधरांच्या वचनांविषयीची दक्षता ज्यांनी वर्गात शिकवली आहे, त्यांना ही वृत्ती लगेच ओळखू येईल. अनुपस्थिती ही गद्याची जननी असते, असे एखादे विधान या दोन उदाहरणांवरून करण्याचा मोह होतो. ते अतिव्याप्त ठरेल, पण तपासून पाहण्याजोगे नक्कीच आहे.

उद्धारकाच्या कल्पना एका धर्माच्या हद्दीत राहिल्या नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. इस्माइली पीरांच्या गिनान-वाङ्मयात दशावताराची मांडणी अशी आहे की दहावा अवतार ‘निष्कलंकी’ हा अलीशी एकरूप होतो. कल्की आणि इमाम एकाच वाटेने येतात. गुजरातमधील पिराण्याच्या इमामशाही परंपरेतून हा सत्पंथ खानदेशात आला, आणि फैजपूर हे त्याचे केंद्र झाले. मराठी प्रदेशातील शेतकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या ही संमिश्र प्रतीक्षा जपली. एकनाथांनी या सगळ्या उलथापालथीच्या काळातच, १५९९ पर्यंत, निजामशाही मुलखातल्या पैठणात राहून लेखन केले. त्यांच्या ‘भावार्थ रामायणा’तील बंदीत पडलेल्या देवांची आणि त्यांना सोडवणाऱ्या रामाची कथा अभ्यासकांनी समकालीन संदर्भात वाचली आहे. त्या वाचनात परचक्राचा संदर्भ येतो, पण त्याच वेळी त्याच मुलखात दुसरेही लोक आपल्या उद्धारकाविषयी बोलत होते, हा संदर्भ येत नाही. तो यायला हवा.

मराठवाड्यात हा विषय काढताना एक अडचण येते, ती टाळता कामा नये. हैदराबादचे नामांकित उर्दू वक्ते आणि मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचे अध्यक्ष बहादूर यार जंग हे महदवी होते. १९४४ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर, १९४६ मध्ये, त्या संघटनेची सूत्रे लातूरला वकिली करणाऱ्या कासिम रझवींकडे आली, आणि पुढचा रझाकारांचा इतिहास नांदेड-लातूरच्या घराघरांत अजून सांगितला जातो. त्या आठवणी खऱ्या आहेत, त्यांची वेदना खरी आहे. पण रझाकारांचा इतिहास हा महदवी पंथाचा इतिहास नव्हे, आणि पंथाच्या पाच शतकांना त्या काही वर्षांच्या सावलीत वाचणे हा अन्याय ठरेल. एका संघटनेच्या अध्यक्षाचा पंथ कोणता होता, याने त्या पंथाचा आशय ठरत नाही.

त्याचबरोबर दुसऱ्या टोकाला जाऊन महदवी चळवळ म्हणजे केवळ समतेचा सुंदर प्रयोग होता असे म्हणणेही इतिहासाला धरून होणार नाही. १५८९ च्या कत्तलीत मेलेले परदेशी हे कोणत्याही दायऱ्याच्या समान वाटपात बसले नाहीत. उद्धारक आपल्याच बाजूचा आहे अशी खात्री झाली की दुसऱ्या बाजूच्या माणसांचे मोल घटते. हा धोका सर्वच उद्धारक-कल्पनांना चिकटलेला आहे, मग त्या दरबारी असोत, पंथीय असोत वा आधुनिक राजकारणातल्या.

विद्यार्थ्यांपुढे हा इतिहास मांडताना दोन चित्रे शेजारी ठेवता येतात. एक रोहिणखेडचे : ज्यांनी उद्धारकाच्या नावाने राज्य घेतले आणि ते सहस्रकाच्या एक वर्ष आधी गमावले. दुसरे दायऱ्याचे आणि महानुभाव साधकाचे : ज्यांनी उद्धारकाच्या अनुपस्थितीतच रोजचे जगणे बांधले, आठवणी लिहून ठेवल्या आणि भाषेला ग्रंथ दिले. राज्य दोन वर्षे टिकले. ग्रंथ अजून वाचले जातात. ‘लीळाचरित्र’ शिकवताना ‘असन्निधान’ हा शब्द आला की ‘गैबत’ आणि ‘दायरा’ हे शब्दही एकदा फळ्यावर लिहून पाहावेत. विद्यार्थ्यांच्या प्रश्नांतून पुढची वाट आपोआप उलगडेल.